चंद्रप्रकाशचं गाऱ्हाणं

चंद्रप्रकाश तोरसकरला गाऱ्हाणं घालता येत नाही. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आमच्या सातेरी हाइट्समध्ये ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे आणि मला कोणी विचारत नाही. मी गेटवर बसतो. गेटवरच्या माणसाला पार्सल कुठे ठेवलं ते विचारतात, पाण्याचा टँकर कधी येणार ते विचारतात. गाऱ्हाण्याबद्दल विचारत नाहीत.

गाऱ्हाणं म्हणजे आम्हा मालवणी माणसांचं देवाशी बोलणं. पूजा भटजी सांगतो, पण गाऱ्हाणं घालतो तो वाडीतला एखादा जाणता माणूस. हातात नारळ धरायचा, देवासमोर उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीने जे काय मागायचं ते मोठ्याने मागायचं. प्रत्येक वाक्य ‘म्हाराजा’वर येऊन थांबतं आणि मागे उभे असलेले सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाण्याला अर्थ नाही. माझे बाबा म्हणायचे, एक जरी माणूस गप्प राहिला तरी गाऱ्हाणं अर्ध्या वाटेवर लटकतं.

म्हणून चंद्रप्रकाश गाऱ्हाणं घालायला लागल्यापासून मी गप्प राहतो. पार्किंगमध्ये गणपतीचा मंडप असतो, गेटवरून सगळं दिसतं आणि ऐकू येतं. सगळा टॉवर व्हय म्हाराजा म्हणतो आणि मी ओठ आवळून बसतो. दरवर्षी त्याचं गाऱ्हाणं मी असं लटकवून ठेवलेलं आहे. कोणाला कळलेलं नाही, पण देवाला कळत असणार.

या टॉवरच्या जागी पूर्वी आमची सातेरी चाळ होती. बाबा गिरणीतून सुटले तेव्हा त्यांनी इथे दहिसरला खोली घेतली. आजूबाजूच्या खोल्यांतही सगळे आमच्याच मुलखातले, म्हणून चाळीला गावच्या देवीचं नाव. आता नाव तेच आहे, पण पार्सल घेऊन येणारी पोरं सॅटर्न हाइट्स म्हणतात. चाळीच्या गणपतीला आधी बाबा गाऱ्हाणं घालायचे, ते गेल्यावर मी. तेव्हा चंद्रप्रकाश माझ्या मागे उभा असायचा. व्हय म्हाराजासुद्धा चुकीच्या ठिकाणी म्हणायचा.

आम्ही दोघे साकीनाक्याला एकाच कारखान्यात लेथवर होतो. कारखाना बंद झाला तो दोघांसाठी एकदमच झाला. पेन्शन त्यालाही नाही, मलाही नाही. फंड मिळाला तोही सारखाच. फरक पडला तो माझ्या नितेशच्या मोबाइलच्या दुकानामुळे. दुकान बुडालं, देणी भागवायला मी चाळीतली खोली विकली आणि शेवंतीला घेऊन केतकीपाड्यात भाड्याने गेलो. वर्ष सरलं नाही तोच बिल्डर आला. खोलीच्या बदल्यात फ्लॅट.

खोली न विकण्यात चंद्रप्रकाशची काही हुशारी नव्हती. त्यालाही विकायचीच होती. पण त्याचा थोरला भाऊ गावाहून सहीला यायला तयार होईना, कारण दोघांचं फणसाच्या झाडावरून भांडण होतं. त्या फणसाने चंद्रप्रकाशला बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. बाकीच्या चाळकऱ्यांनी आपापले फ्लॅट विकले आणि विरार-नायगावला गेले. जुन्यांपैकी इथे राहिला एक चंद्रप्रकाश. आणि एक मी, गेटवर.

मला त्याचा हेवा वाटतो. हे बोलायला मला लाज वाटत नाही. सकाळी लिफ्टचं दार उघडून तो पांढऱ्या बुटांत बाहेर येतो, खांद्याला पिशवी असते, आणि गेटपाशी थांबून म्हणतो, “काय रे गुणाजी, बरो आसस मां?” त्या ‘बरो आसस मां’ने माझं पित्त खवळतं. बाराव्या मजल्यावरून खाली येऊन गेटवरच्या माणसाला बरा आहेस का विचारणं सोपं आहे. मी म्हणतो, “बरो आसंय.” मग तो बोरिवलीला नॅशनल पार्कात फिरायला जातो आणि संध्याकाळपर्यंत उगवत नाही. मी एकदा विचारलं, दिवसभर करतोस काय तिथे. म्हणाला, फिरतो, योगा असतो, मग ज्येष्ठ नागरिकांच्या वाचनालयात बसतो. एवढा मोकळा वेळ माणसाला मिळावा आणि तो त्याने झाडं बघण्यात घालवावा.

हल्ली तर त्याला तरुणपण सुचलं होतं. गणपतीच्या महिनाभर आधी एके दिवशी डोक्याचे केस काळेभोर करून खाली आला. माझेही काळे आहेत, पण मला एजन्सीने करायला लावलेत. एजन्सीच्या कागदावर मी अजून साठीच्या आतला आहे. याला कोणी सांगितलं होतं? घरात बायको, शुभावहिनी, गुडघ्यांनी बेजार, मुलगा सौरभ बंगळुरूला, आणि हा केस रंगवून बागेत. पांढऱ्या बुटांच्या जागी काळे, चकचकीत बूट आले. काळे बूट घालून बागेत फिरायला कोण जातं? पण बारावा मजला आहे म्हटल्यावर माणूस काहीही घालील. सौरभ पाठवत असणार पैसे. माझ्या नितेशचा फोन आला की मी आधी खिशातले पैसे मोजतो.

तर यंदाच्या गणपतीची गोष्ट.

आमच्या सोसायटीची सेक्रेटरी तेजल मॅडम. चटपटीत मुलगी, पायाला भिंगरी. गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती गेटवर आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही गाऱ्हाणं घालायचात ना आधी? म्हणजे चाळ होती तेव्हा?”

मी खुर्चीवरून उठलोच. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“शुभाकाकू बोलल्या. त्या म्हणाल्या, खरं ऐकायचं तर गुणाजी परबांचं ऐका, अंगावर काटा येतो. मग या वर्षी विसर्जनाला तुम्हीच घाला ना. सीपीकाका दरवर्षीच घालतात. चेंज पण होईल, आणि मी मस्त व्हिडिओ काढीन.”

सीपी म्हणजे चंद्रप्रकाश. मी म्हटलं, “मॅडम, माझी ड्युटी असते.”

“दहा मिनिटं गेटवर कोणीपण उभं राहील, यार. ते टेन्शन तुम्ही घेऊ नका.”

ती गेली आणि मला बसवेना. गेट उघडताना, बंद करताना, गाड्यांचे नंबर बघताना मनात गाऱ्हाणं चालू झालं. बा देवा गणपती म्हाराजा. बाबांचा सूर कानात यायला लागला. शर्ट कुठला घालायचा, तेही मी ठरवून टाकलं. युनिफॉर्म नाही घालायचा. नितेशच्या लग्नातला पांढरा सदरा आहे, तो घालायचा. त्या पार्किंगमध्ये, जिथे आमच्या चाळीचा नळ होता बरोब्बर त्या जागी, मी उभा राहणार आणि चंद्रप्रकाश माझ्या मागे उभा राहून व्हय म्हाराजा म्हणणार. इतकी वर्षं दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

घरी शेवंतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तीसुद्धा या वयात दोन घरी पोळ्या लाटून येते, तेव्हा माझ्या आनंदात नाचायला तिला वेळ नव्हता.

“सदरो इस्त्रीक टाका मगे,” ती म्हणाली. मग देठं बाजूला सारत, “तुमका गाऱ्हाणा घालूचा आसा, का चंदूभावजींका मागे उभे करूचे आसत?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“तुमका गाऱ्हाणा नको. तुमका तेंचो बारावो माळो व्हयो.”

बायकोला कधी कधी नको तितकं कळतं. मी जेवलो आणि सदरा इस्त्रीला टाकून आलो.

गणपती आले. आरत्या झाल्या, मोदक झाले, लहान मुलांची चित्रकला झाली. विसर्जनाच्या आदल्या दिवशी तेजल मॅडम परत गेटवर आली, आणि तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

“काका, सॉरी हां. या वर्षी सीपीकाकाच घालतायत. ते स्वतः बोलले मला. आणि कमिटी पण म्हणते, विसर्जनाच्या गर्दीत गेट रिकामं नको. तुम्ही पुढच्या वर्षी नक्की.”

“असू दे,” मी म्हटलं. माझे कान तापले होते. स्वतः बोलले. म्हणजे शुभावहिनीने माझं नाव काढलं, मॅडमने मला विचारलं, आणि याला तेवढंही सहन झालं नाही. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, बाग आहे, दिवसभराचा मोकळा वेळ आहे. दहा मिनिटं मला मिळणार होती, तीही हवीत याला.

त्याच संध्याकाळी तो आला. बागेतून परतला तो सरळ वर न जाता माझ्या केबिनमध्ये घुसला आणि स्टुलावर बसला. चेहरा उतरला होता. काळे बूट धुळीने माखले होते. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

“गुणाजी, जागेवाल्याचा काय ता कसा म्हणतत रे?” तो म्हणाला. “माका दरवर्षी थंयच अडकाक होता.”

जागेवाला म्हणजे त्या जमिनीचा राखणदार. तो दिसत नाही, पण आमच्याकडे प्रत्येक जागेला एक असतो आणि गणपतीनंतर त्याचं नाव घ्यावंच लागतं. चंद्रप्रकाश दरवर्षी त्याला विसरतो. मी मनातल्या मनात दरवर्षी ती चूक धरतो. आणि आता ती सुधारायला तो माझ्याकडेच आला होता.

“आताच कित्याक व्हया तुका?” मी विचारलं.

“ह्या वर्षी नीट घालूचा आसा. तेजलाक मीच सांगलंय, ह्या वर्षी माका घालूं दी म्हणान. फुडच्या वर्षी तू घाल. माका कायतरी मागूचा आसा रे.”

“तुका काय मागूचा रवला आता?”

तो माझ्या पायांकडे बघत बसला. मग म्हणाला, “पायाक काय लावतंस रे तू? दिवसभर उभो रवान सुजतत मां?”

माझ्या सुजलेल्या पायांची चौकशी करत होता. बाराव्या मजल्यावरून. मी तेव्हाच ठरवलं की याला आता शिकवायचंच.

“लिही,” मी म्हटलं. “नाय तर फोनार घे. बा जागेवाल्या म्हाराजा, तू ह्या जाग्याची राखण करतंस, तशीच फुडे कर रे म्हाराजा.”

त्याने फोन तोंडाजवळ धरला आणि ते पुटपुटला.

“आणि मगे?”

आणि मग जे मी सांगितलं ते बाबांच्या गाऱ्हाण्यात नव्हतं, कोणाच्याच नव्हतं. ते माझ्या पोटातून तिथल्या तिथे आलं. “मगे म्हणाचा, जो कोण आपल्या जाग्यार नाय, तेका तेच्या जाग्यार पोचव रे म्हाराजा.”

ऐकायला किती साधं. पण माझा अर्थ साधा नव्हता. आपल्या जागेवर कोण नाही? बाराव्या मजल्यावर भावाच्या फणसाने पोचलेला तू नाहीस. मी घालायचं गाऱ्हाणं स्वतः घालणारा तू आपल्या जागेवर नाहीस. तुझी जागा मागे आहे. देवा, याला खाली आण. हे तो स्वतःच्या तोंडाने मागणार होता आणि मी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, व्हय म्हाराजा म्हणणार होतो. फक्त तेवढ्या एका वाक्याला. मोठ्याने.

“बरा आसा,” चंद्रप्रकाश म्हणाला. “ह्या माका म्हायत नव्हता.” उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खांदा बाजूला घेतला.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी पार्किंगमध्ये सगळा टॉवर जमला. बायका नऊवारीत, पोरं डोक्याला भगव्या पट्ट्या बांधून, दहिसर चेकनाक्याकडचे ढोलवाले गेटबाहेर तयार. शुभावहिनी मात्र गुडघ्यांमुळे वरच होत्या. उत्तरपूजा झाली. तेजल मॅडम फोन घेऊन पुढे आली आणि सगळ्यांना म्हणाली, “आता गाऱ्हाणं. काका म्हाराजा बोलले की आपण सगळ्यांनी व्हय म्हाराजा. जोरात हां.”

आमच्या टॉवरमधली माणसं गाऱ्हाणं असं ऐकतात. गुजराती आहेत, मारवाडी आहेत, मराठी आहेत ती पुण्या-नाशकाकडची. त्यांना मालवणी म्हणजे गंमत. चढता सूर कानावर पडला की हसू येतं, शब्दांकडे कोणी बघत नाही. सगळे फक्त म्हाराजा कधी येतं त्याची वाट बघत असतात.

चंद्रप्रकाश नारळ घेऊन उभा राहिला. मीही गेटवर उभा राहिलो. युनिफॉर्ममध्ये. सदरा घरी खुंटीला.

“बा देवा गणपती म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या सातेरी हाइट्सच्या लेकरांनी तुझी जी काय येडीवाकडी सेवा केली आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

नेहमीचंच घशातलं, दबकं. वाक्य संपायच्या आधी श्वास संपतो याचा. मी ओठ मिटून वाट बघत होतो. सोसायटीचं भलं मागून झालं, मुलांच्या परीक्षा झाल्या. मग जागेवाला आला, आणि या वर्षी तो अडखळला नाही.

“आणि जो कोण आपल्या जाग्यार नाय, तेका तेच्या जाग्यार पोचव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी ओरडलो.

माझा आवाज अजून तसाच आहे. सगळ्यांच्या वरून गेला, पार्किंगच्या छताला लागून परत आला. लोक वळून बघायला लागले. दोन-चार जण हसले, एकाने वा काका म्हटलं. चंद्रप्रकाशही वळला. आणि माझ्याकडे बघताना त्याचे डोळे भरून आले.

त्याला वाटलं मी साथ दिली. इतकी वर्षं मी गप्प होतो ते त्यालाही कळत होतं, हे मला त्या क्षणी समजलं. मालवणी माणूसच तो, मागे किती आवाज आहेत ते त्याला बरोबर कळणार. आज माझा आवाज आला, आणि तो मी कशासाठी दिला होता ते त्याला ठाऊक नव्हतं.

तो परत देवाकडे वळला. नारळ नीट धरला. आणि मी शिकवलेलं जिथे संपत होतं त्याच्या पुढे बोलायला लागला. आवाज दबका राहिला नाही. तो जुना, चाळीतला, शुद्ध मालवणी आवाज होता.

“बा देवा म्हाराजा. ह्या लेकराक तू बारावो माळो दिलंस, पण थंय रवाची ऐपत देवक इसारलंस रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे आनंदाने ओरडले.

“मेंटेनन्स भरता भरता फंड सपलो. माझ्या झिलाची, सौरभची नोकरी गेली, तोच माझ्याकडे मागता. बायलेक सांगूक माका तोंड नाय रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” ढोलवाल्यांपैकी एकाने गंमत म्हणून टिपरू मारलं.

मी गेटची कडी घट्ट धरली होती.

“तिका सांगतंय बागेत फिराक जातंय. मी बागेत नाय जातंय म्हाराजा. मी बोरिवलीक दुसऱ्यांच्या गेटार उभो रवतंय. पिशयेतसून डरेस नेतंय आणि थंयच्या संडासात बदलतंय. ह्या वयात चोरासारखो जगतंय रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” तेजल मॅडम व्हिडिओ काढत होती. तिच्या बाजूची बाई हसत हसत टाळ्या वाजवत होती. त्या सगळ्या पार्किंगमध्ये त्याचा एकेक शब्द कळणारा माणूस मी एकटा होतो. काळे बूट, काळे केस, सुजलेले पाय, सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. एजन्सीच्या सांगण्यावरून मी स्वतः केस रंगवतो, आणि मला कळलं नाही. कळलं असतं, पण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. मी त्याच्या मजल्याकडे बघत होतो.

चंद्रप्रकाश थांबला. मग अर्धा वळला, देवाकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही असा.

“हो माझो गुणाजी बघ. उघड्यार बसता. छातयेर नाव लावन बसता. कोणाक भियाचा नाय, कोणापासून लपाचा नाय. सकाळी हेच्या फुड्यातसून जाताना हेची ती खुर्ची बघून माझो जीव जळता रे म्हाराजा. रोज जळता. हेच्यासारखा उजळ तोंडान बसूक माका बळ दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

झालं. पण त्याने नारळ खाली आणला नाही. तसाच उभा राहिला, पाठमोरा, मान थोडी तिरकी करून. तेजल मॅडमने फोन खाली केला आणि विचारलं, “झालं ना काका?” तो मोजत होता. एक आवाज कमी होता.

माझ्या खुर्चीवर माझी नजर गेली. प्लास्टिकची, एक पाय दोरीने बांधलेला. बारा वर्षं वापरून तिचा मूळ रंग कुठला ते मलाही आठवत नाही. या खुर्चीसाठी कोणाचा जीव जळत असेल, आणि तोही बाराव्या मजल्यावरच्या माणसाचा, हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, क्षणभर वाटलंही. मग त्याच्या मानेवरच्या शिरा दिसल्या, काळ्या रंगाखालून उगवलेले पांढरे केस दिसले, आणि माझा हात गेटच्या कडीवरून सुटला.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

मोठ्याने नाही. पण त्याला पुरलं. त्याने नारळ फोडला.

ढोल सुरू झाले, गुलाल उडाला, गणपती ट्रॉलीवर चढले. मिरवणूक गेटमधून बाहेर पडताना चंद्रप्रकाश माझ्यापाशी थांबला. गालावर गुलाल होता आणि त्यातून पाणी वाहिल्याची रेघ.

“बरा घातलंय मां?” त्याने विचारलं.

“जागेवाल्याचो नारळ येगळो ठेवचो असता,” मी म्हटलं. “तो इसारलंस.”

“फुडच्या वर्षी तू घाल.”

“पायाक खोबरेल तेल आणि कापूर लाव. कोमट करून.”

तो मान हलवून मिरवणुकीत गेला. त्या रात्री घरी गेल्यावर मी सदरा खुंटीवरून काढला आणि घडी घालून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची पुसून बसलो होतो. पार्किंगमध्ये मंडपवाले बांबू सोडवत होते, तेजल मॅडम त्यांच्याशी हुज्जत घालत होती. लिफ्टचं दार उघडलं आणि चंद्रप्रकाश बाहेर आला. खांद्याला पिशवी नव्हती. अंगात निळा युनिफॉर्म होता, खांद्यावर पट्टी, डोक्यावर टोपी, छातीवर पितळी अक्षरांत तोरसकर. मागे लिफ्टच्या दाराला धरून शुभावहिनी उभ्या होत्या. गुडघे दुखत असताना त्या खाली आल्या होत्या. त्यांनी हाताने खूण केली, टोपी सरळ कर.

त्याने टोपी सरळ केली. तेजल मॅडमचं बोलणं मध्येच तुटलं. बांबू सोडवणारेही बघत राहिले. चंद्रप्रकाश कोणाकडे न बघता, पण मान खाली न घालता, सगळं पार्किंग ओलांडून गेटपर्यंत चालत आला.

“येतंय रे गुणाजी,” तो म्हणाला.

मी उठून उभा राहिलो आणि गेट उघडलं, लहान दार नाही, गाड्यांचं मोठं गेट. तो माझ्या अंगावरून गेला तेव्हा मी बघून घेतलं. त्याच्या एजन्सीचं कापड आमच्यापेक्षा चांगलं होतं. आमचं नाव प्लास्टिकवर, त्याचं पितळेवर. शर्टाला कडक इस्त्री होती, ती वहिनींनी पहाटे उठून केली असणार. माझा जीव जळलाच.

पण त्याचं मला काही वाटलं नाही. जळायची सवय आहे मला. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. चाळीत असताना मी इतकी वर्षं गाऱ्हाणी घातली, बाबांच्या सुरात, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि लोकांच्या अंगावर काटा आणला. त्यातलं एकही देवाने रात्रीतून ऐकलं नव्हतं.